उन्हाचं पाणी

मुक्ताची आंघोळ झाली की मी आधी तिचं डोकं हुंगायची. डाळीचं पीठ, हळद, साय, आणि या सगळ्याखाली तिचा स्वतःचा, नुकत्याच उतरवलेल्या पेजेसारखा वास. आठ महिन्यांच्या पोरीच्या टाळूवर नाक टेकून डोळे मिटले की दिवसाचं अर्धं ओझं उतरायचं. त्या डिसेंबरात मात्र या वासात आणखी एक वास मिसळायला लागला. वरच्या घराचा.

वरचं घर म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं. बदलापूरला एकाच इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि दिनानाथ भावोजी नि कुंदावहिनी दुसऱ्या, म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर. त्यांच्या वर गच्ची. आमच्या सासूबाई, माई, राहायच्या आमच्याकडे. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक आमच्या आतल्या खोलीत, माझ्या शिवणयंत्राशेजारी. सकाळी डोळा उघडला की मला आधी ती ट्रंक दिसायची आणि बरं वाटायचं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. ट्रंक असलेलं घर म्हणजे मोठं माणूस असलेलं घर, एवढंच मला कळायचं.

मुक्ताला आंघोळ माईच घालायच्या. न्हाणीघरात बुटक्या पाटावर बसून पाय लांब सोडायचे, दोन नडग्यांची पन्हळ करायची आणि त्या पन्हळीत पोरीला पालथी निजवायची. मग एका हाताने चोळत, दुसऱ्या हाताने तांब्याची धार. मी तांब्या भरून द्यायची नि टॉवेल पसरून उभी राहायची. माई गुणगुणायच्या, पोर आधी रडायची, मग पाण्याच्या उबेने हळूहळू गप्प व्हायची, मग हुंकार द्यायची. मला वाटायचं, त्या पन्हळीत मीच निजलेय.

पण या सगळ्याला पाणी लागतं, आणि ते कढत लागतं.

आमच्याकडे पाणी तापायचं रॉडवर. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला. कागदावर रेघ ओढायची सवय, ती घरातही ओढायचे. मुक्ता झाल्यापासून रॉड सारखा बादलीत असायचा. दिवाळीनंतरचं विजेचं बिल आलं तेव्हा ह्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, जणू मागून दुसरा आकडा दिसेल.

"आजपासून एक बादली," हे म्हणाले. "एक बादली उकळायची, विसण घालून तिची तीन करायची. त्यात सगळ्यांचं."

"आणि माईंचे गुडघे?"

"गुडघ्यांना काय वेगळा मीटर आहे?"

माईंचे गुडघे थंडीत धरायचे. मुक्ताची आंघोळ झाली की त्याच पाटावर बसून गुडघ्यांवर दोन-चार तांबे कढत पाणी ओतून घेतल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. एका बादलीच्या हिशोबात ते तांबे बसेनात. माई भिंतीला धरून उठायला लागल्या, एवढंच.

आणि नेमक्या त्याच दिवसांत भावोजींनी गच्चीवर ऊन पकडलं.

म्हणजे, उन्हावर पाणी तापवायचं यंत्र बसवलं. काचेखाली काळ्या नळ्या आणि त्यावर लोखंडी घोडीवर ठेवलेली पत्र्याची टाकी. तिथून पाइप खाली त्यांच्या न्हाणीघरात. कंपनीचं यंत्र महाग, म्हणून टाकी उल्हासनगरला एका सिंधी शेटकडून बनवून घेतली होती. तो किस्सा भावोजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

"शेट मला म्हणतो, साईं, दोन पत्रों के बीच में कापूस भरता हूँ, काच का कापूस. पानी रातभर गरम. मी म्हटलं, शेट, ते काश्मीरला भरा. बदलापूरला टाकीला स्वेटर कशाला? तेवढे पैसे कमी करा!"

सगळी इमारत ते यंत्र बघायला गच्चीवर गेली. नारळ फुटला. वहिनींनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, टाकीकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं, ही टाकी अगदी उघडी आहे. मुक्ताला मी संध्याकाळ झाली की टोपडं घालते. पण बोलले नाही. मला कोणी विचारलं होतं?

पेढ्याची पाटी फिरवता फिरवता वहिनी माईंना म्हणाल्या, "उद्यापासून वर या आंघोळीला. हवं तेवढं पाणी घ्या, बिल सूर्याला जातं. आणि मुक्तालाही आणा. तिला काय ते एका बादलीत बुचकळताय?"

एका बादलीची बातमी वर कशी पोचली, ते देवाला ठाऊक.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा की माई. चांगलंच आहे." असं म्हणावं लागतं.

---

माई खाली माझ्याकडे कशा आल्या, तेही सांगायला हवं. कारण आंघोळीच्या पाण्यापायीच आल्या होत्या.

माझं लग्न व्हायच्या आधी माई वर राहायच्या. त्यांचा एक तांब्याचा बंब होता, वांगणीच्या घरून आणलेला. पहाटे उठून त्यात गोवऱ्या-चिपाडं घालून तो पेटवायचा, कल्हईवाल्याकडून वर्षाला आतून चकचकीत करून घ्यायचा, दसऱ्याला त्याला हार घालायचा, असा त्यांचा तो बंब. वहिनींकडे नवा गॅस आला. बंबाच्या धुराने भिंती काळ्या होतात म्हणून वहिनींनी एका दुपारी, माई देवळात गेल्या असताना, बोहारणीला तो देऊन टाकला आणि स्टीलच्या डब्यांचा सेट घेतला. माई परत आल्या. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बंबाच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता. भांडण झालं नाही. माई नुसत्या म्हणाल्या, "डबे छान आहेत हो." आणि माझ्या लग्नानंतर पंधरवड्यात ट्रंक खाली आली.

म्हणजे माई मला मिळाल्या त्या एका बंबाच्या बदल्यात. वहिनींना डबे आणि मला माई. मी मनातल्या मनात त्या बोहारणीला दुवा द्यायची.

आता वहिनींनी बंबापेक्षा मोठं काहीतरी गच्चीवर आणून ठेवलं होतं.

---

रोज सकाळी माई मुक्ताला पोटाशी धरून जिना चढायला लागल्या. मागे मी पिठाचा डबा आणि लंगोट देऊन यायची, दारापर्यंतच. "झालं की पाठवते हं," असं म्हणत वहिनी दार लोटून घ्यायच्या. टॉवेल आता त्या धरायच्या.

आमच्या दोन्ही न्हाणीघरांच्या मागे एकच चौक. खिडकी उघडी ठेवली की वरचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली येतो. माईंचं गुणगुणणं यायचं. मुक्ताचं रडणं, मग हुंकार. मग वहिनींचं "अगं बाई, बघा बघा, कशी पाय मारतेय!" आणि मग पोर खिदळायची. माझ्याकडे ती खिदळत नसे. माझ्याकडे नुसते हुंकार.

सांडपाण्याचा वरून येणारा पाइप आमच्या खिडकीला लागून खाली जातो. एकदा मी खिडकीतून हात घालून त्या पाइपावर ठेवला. गरम होता. माझ्या लेकीच्या अंगावरून आलेलं पाणी माझ्या हाताखालून गटारात चाललं होतं. मी हात काढला नाही. हे दाढी करता करता डोकावले.

"काय करतेस?"

"काही नाही."

"पाइप गळतोय का?"

"गळत नाही. तुमच्या एका बादलीने माझी सासू वाहून चाललीय, ती बघतेय."

"कमाल आहे," हे साबणाच्या फेसातून हसले. "लोकांच्या बायका सासू वर गेली तर साखर वाटतील."

समोरच्या दारातल्या सुनंदाचंही तेच. दुधाची पिशवी घ्यायला दोघी एकदमच दार उघडायचो. ती म्हणाली, "काय गं मीनल, आज पण आजी-नात स्वारी वर? मजाच आहे तुमची. आमच्या गावाला सासू ह्याच्याकडे नको, त्याच्याकडे नको म्हणून भांडणं. तुम्ही दोघी जावा हवी हवी म्हणून ओढताय. सांभाळा, एखादा हात उपटून यायचा म्हातारीचा!"

मी हसले. दार लावल्यावर हसू कुठे ठेवायचं ते कळेना.

मीही काही गप्प बसले नव्हते. भात शिजताना कुकरच्या झाकणावर पाण्याचं पातेलं ठेवून बघितलं. माईंचं जुनं घंगाळ बाहेरून काजळीने काळं करून गॅलरीत ठेवलं. पण आमची गॅलरी उत्तरेला, हिवाळ्यात तिच्यात ऊन नुसतं पाहुण्यासारखं दारातूनच परत जातं. घंगाळातलं पाणी दुपारपर्यंत जेमतेम थंडी मोडेल एवढं व्हायचं. तरी एकदा मी ते माईंपुढे ठेवलं, "माई, आज इथेच?"

माईंनी बोट बुडवलं. "असल्या पाण्याने माझे गुडघे मला हसतील गं," म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या. त्या प्रेमानेच जास्त लागलं.

आणि मुक्ता खाली आली की मी हुंगायची. डाळीचं पीठ, हळद, साय, आणि तो वरचा वास. आधी मला वाटलं, वहिनींचा साबण. मग वाटलं, त्यांच्या पदराचा. काहीतरी उग्र, जुना, ओळखीचा. पण नाव सापडेना. मी माझ्या पदराने तिचं डोकं पुन्हा पुसायची.

एका रविवारी वर जेवायला होतो. भावोजी जेवता जेवता म्हणाले, "माई, हा रोजचा जिना कशाला? संक्रांत झाली की ट्रंकच वर आणू. गुरुदत्त, तू एक कडी धर, मी एक धरतो."

हे म्हणाले, "चालेल की."

माझा घास हातात राहिला. वहिनी माईंच्या पानात तूप वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. आम्ही दोघी माईंच्या तोंडाकडे बघत होतो. माईंनी भात कालवला, एक घास घेतला आणि म्हणाल्या, "बघू."

नाही म्हणाल्या नाहीत. बघू म्हणाल्या. त्यानंतर माझ्या घरात ती ट्रंक होती, पण सकाळी डोळा उघडल्यावर तिच्याकडे बघवेना.

---

पाइपाला हात लावायची मला सवयच लागली होती. हेवा वाटला की माणूस काय काय करतं. तसंच एकदा सकाळी भावोजींची आंघोळ चालली असताना मी हात लावला. ते मोठ्याने स्तोत्र म्हणतात, त्यामुळे कोण आंघोळ करतंय ते कळतं. पाइप थंडगार होता. मग माई आणि मुक्ता गेल्या, तेव्हा हात लावला, तर गरम.

मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भावोजींचं थंड, माईंचं गरम. टाकी एक, नळ एक. ऊन काय माणूस बघून तापवतं?

त्या दिवशी मुक्ता खाली आली आणि मी तिच्या टाळूवर नाक टेकलं, तेव्हा त्या वासाचं नाव सापडलं. रॉकेल. स्टोव्हवर भडकलेल्या रॉकेलचा वास.

पुढच्या सकाळी मी पिठाचा डबा माईंच्या मागून नेला नाही, मुद्दाम आधीच घेऊन निघाले. माई अजून देवाची फुलं निवडत होत्या. वरचं दार दूधवाल्यासाठी नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघराच्या गॅलरीतून घरघर येत होती.

वहिनी उकिडव्या बसल्या होत्या. पुढे पितळी स्टोव्ह, त्यावर गॅसच्या शेगडीवर मावणार नाही असलं, लग्नाकार्यात भात करतात तसलं पातेलं. खांद्यावर जुना टॉवेल, कपाळावर केस चिकटलेले, डोळे धुराने लाल. एका हाताने पंप मारत होत्या. न्हाणीघराच्या दारात एक बादली आधीच वाफाळत होती. पाण्याच्या पातेल्याला असं कोणी जीव लावून बघताना मी पाहिलं नव्हतं.

"वहिनी."

त्या दचकल्या. पंपावरचा हात तसाच राहिला. "तू? आत्ता?"

"पिठाचा डबा."

"ठेव तिथे."

मी ठेवला. पण गेले नाही. "चहा बराच टाकलाय," मी म्हटलं.

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, तर गालावर काजळीचा फराटा उठला. "थट्टा नको करूस. पाणी पहाटेपर्यंत मरतं. दुपारी चारला नळाखाली हात धर, सोलून निघेल. रात्री जेवणापर्यंत बरं असतं. सकाळी बघावं तर विहिरीचं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि भावोजी?"

"ते त्याच पाण्याने करतात. आणि मला सांगतात, कोमट पाण्याने केस टिकतात."

भावोजींच्या डोक्यावर जेवढे केस होते, तेवढे मुक्तालाही होते. एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. आमच्यातली कोणी हसली नाही.

"मग दुपारी करायच्या आंघोळी," मी म्हटलं. "पाणी तापतं तेव्हा."

"हे तू माईंना सांग. एकदा मी नुसतं सुचवलं, तर म्हणाल्या, दिवस कलल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायला आपलं कोण गेलंय?" वहिनी उठल्या. पातेल्याचे कान टॉवेलने धरले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सांगणारेस का?"

"मी कशाला सांगू?"

मी ज्या सुरात म्हटलं तो सूर माझा मलाही आवडला नाही. पण आवडलाही.

वहिनी वळल्या. "तुला वाटतं मला ठाऊक नाही, माई खाली का गेल्या ते? तो बंब गेला तेव्हापासून मी सकाळी न्हाणीघरात पाऊल टाकलं की त्या डागावरच पडतं. पोरं मोठी झाली, दार लावून आंघोळी करतात. नवरा स्तोत्र म्हणतो. मला कोणाचं काय करायला उरलंय? तुझं बरंय. तुला माई आयत्या मिळाल्या."

"आयत्या?" माझा आवाज चढला. "तुम्ही घालवल्यात, मी सांभाळल्या."

"सांभाळल्यास? एका बादलीत?"

जिन्यातून माईंच्या कडेवरच्या मुक्ताचे हुंकार ऐकू आले. वहिनींनी झटकन पातेलं न्हाणीघरात ओतलं, स्टोव्हची हवा सोडली, त्याला ओट्याखाली पायाने सरकवलं. गॅलरीची खिडकी उघडली. मी तशीच उभी होते. माई आत आल्या, त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, नाकाशी पदर नेला, पुन्हा खाली घेतला.

"काय गं मीनल, आज तूही?"

"डबा द्यायला आले होते," मी म्हटलं आणि खाली आले.

दिवसभर ते गुपित माझ्या तोंडात लिमलेटच्या गोळीसारखं फिरत होतं. सांगितलं की संपलं. भावोजींचं यंत्र, वहिनींचा तोरा, बिल सूर्याला जातं, सगळं एका वाक्यात गार. आणि ट्रंक जागची हलणार नाही. मी सांगणारच होते. फक्त कधी सांगितलं की जास्त लागेल, तेवढंच ठरत नव्हतं. मध्येच ते पातेलं डोळ्यांपुढे यायचं, त्या गालावरच्या काजळीच्या फराट्यासकट, आणि मला आणखीनच राग यायचा. इतक्या पहाटे उठून माईंसाठी धुरात बसायचं हे मला का सुचलं नाही?

---

संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली. माईंनी तीळ धुऊन गच्चीवर धोतरावर वाळत घातले होते. दुपारी त्या राखणीला बसल्या, चिमण्या येतात म्हणून. मी मुक्ताला घेऊन वर गेले. तिला गोधडीवर बसवलं. ऊन छान होतं, अंगाला चिकटून बसणारं.

टाकी तिथेच होती. भावोजींनी तिच्यावर चांदीचा रंग मारला होता. मी तिच्याकडे जाऊन उभी राहिले, जशी एखादी नटूनथटून आलेल्या पाहुणीकडे बघत राहते. खाली गाळ काढायला एक छोटा नळ होता. काय मनात आलं कोण जाणे, मी तो फिरवला.

"आई गं!"

"काय झालं?" माई ओरडल्या.

बोटं भाजली होती. नळातून पाणी पडत होतं आणि जानेवारीच्या भर उन्हात त्याची वाफ दिसत होती. गच्चीच्या कोब्यावरून ते वाहत माईंच्या दिशेने गेलं. माईंनी चप्पल काढली. पाण्याची धार त्यांच्या टाचेला लागली. मग दुसरं पाऊलही त्यात ठेवलं.

"अगं," म्हणाल्या. "अगं, हे तर बंबाचं पाणी."

तेवढ्यात वहिनी तीळ हलवायला वर आल्या. त्यांनी आधी उघडा नळ पाहिला, मग माईंचे पाय, मग मला. त्यांचं तोंड पांढरं झालं. त्यांना वाटलं, मी माईंना सगळं सांगितलंय आणि पाणी दुपारीच तापतं याचा पुरावा दाखवतेय. मीही तसं वाटू दिलं. क्षणभरच, पण वाटू दिलं.

"कुंदा," माई म्हणाल्या, "बादली आण. आणि पाट."

"माई, आत्ता? दिवस कललाय. आंघोळ..."

"आंघोळ कोण करतंय? पाय धुतेय मी. पाय काय, माणूस कधीही धुतं."

वहिनी धावत गेल्या. मी बादलीत विसण घालायला इमारतीच्या पाण्याच्या टाकीतून गार पाणी आणलं. माई पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलं आणि पाय लांब सोडले. वहिनी एका बाजूने तांब्या ओतायला लागल्या, मी दुसऱ्या बाजूने. माईंनी डोळे मिटले. एकामागून एक तांब्या, थांबा म्हणायचं नावच नाही. खाली बिल मोजायला कोणी नव्हतं.

"आणा ती पोर," डोळे मिटूनच म्हणाल्या. "लेकराला कसला आलाय कललेला दिवस."

मुक्ताला मी त्या पन्हळीत ठेवली. ती रडलीच नाही. थेट खिदळायलाच लागली. आणि आज तो आवाज चौकातून खाली पडून आला नव्हता, माझ्या पुढ्यात होता.

"रॉकेल किती जाळलंस गं?" माईंनी विचारलं.

वहिनींच्या हातातला तांब्या बादलीवर आपटला. "मीनल, तू..."

"तिने काही सांगितलं नाही. बंबाबरोबर माझं नाक पण बोहारणीला दिलं होतंस का?"

मी वहिनींकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असावं.

"मग बोलला का नाहीत?" वहिनी पुटपुटल्या.

"काय बोलायचं? बंब असता तर मी उठले असते. तो नव्हता, तर तू उठत होतीस. धुरात खोकायचीस, मला दाराबाहेर ऐकू यायचं. मुद्दाम थोडी थांबायची जिन्यात." माईंनी मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं वाटायचं गं. म्हाताऱ्या माणसाला वाटतं असं बरं."

मी म्हणाले, "मीही उठले असते माई. मला कोणी..."

"तू पाइपाला हात लावून उभी असतेस सकाळी. गुरु सांगत होता." माईंनी एक डोळा उघडला. "तुम्हा दोघींचे गुडघे अजून धड आहेत, डोकी तेवढी धरलीत."

वहिनी आधी हसल्या की मी, आठवत नाही. हसलो खऱ्या. हसता हसता वहिनींनी विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "मग संक्रांतीनंतर ट्रंक..."

मी हातातला तांब्या घट्ट धरला.

"राहू दे तिथेच," माई म्हणाल्या. "सकाळी देवापुरते दोन-चार तांबे घेईन अंगावर. त्याला गुरुची बादली पुरते. गुडघे इथे शेकेन रोज. कशाला दोन्ही घरी माझ्यापायी जाळायचं, वरती हे फुकट उकळत असताना?"

वहिनी मान खाली घालून तीळ हलवायला गेल्या. जिंकले होते मी. पण मला वाटलं होतं तसं ते लागलं नाही. जिला लागायला हवं होतं तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर जुना टॉवेल होता, धुराने पिवळा पडलेला.

"कुंदा," माईंनी हाक मारली. "तुझ्या दारावरूनच येणार आहे ना रोज? चढून दम लागतो मला. चहा ठेवत जा. आलं घालून."

"ठेवीन," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "ठेवीन की."

मग मीही सांगून टाकलं, किती दिवस तोंडात धरलेलं. "भावोजींना म्हणावं, टाकीला टोपडं घाला. रात्री अशी उघडी ठेवल्यावर गारठणार नाही तर काय."

"हे तुला कधी सुचलं?"

"पेढ्याच्या दिवशी."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "पेढा तरी गोड लागला का गं?" म्हणाल्या.

पुढच्या रविवारी भावोजी आणि हे दोघे गच्चीवर चढून टाकीला माईंच्या दोन फाटक्या गोधड्या आणि वरून प्लॅस्टिक सुतळीने बांधत होते. भावोजी खालून वर येणाऱ्याला सांगत होते, "माझीच आयडिया." पहाटेचं पाणी त्यानंतर मरेनासं झालं, पुरतं गरमही नसायचं, पण स्टोव्ह ओट्याखालून बाहेर आला नाही. आमचा रॉड एका बादलीहूनही कमी झाला, तेव्हा ह्यांनी बिल पुन्हा उजेडात धरून पाहिलं, या वेळी कौतुकाने.

पण ते नंतरचं. त्या दिवशी गच्चीवर मुक्ताची आंघोळ झाली आणि मी टॉवेल पसरून पुढे झाले. वहिनीही झाल्या. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होताच. आम्ही दोघी हात पसरून उभ्या, आणि मध्ये माईंच्या पायांवर ओली पोर. माई कोणाकडेच बघेनात. शेवटी मी म्हटलं, "घ्या तुम्ही."

वहिनींनी तिला गुंडाळून खांद्याशी धरलं. पोर इतकी निवली होती की तिथेच मान टाकून झोपली. वहिनी वाऱ्यातल्या झाडासारख्या डोलत होत्या, पाय न हलवता. मी थांबले. वाटेल तेवढं थांबले. मग हात पुढे केले आणि त्यांनी ती दिली, सावकाश, उबेसकट.

खाली आल्यावर मी दार लावलं, ट्रंकेवर बसले आणि तिच्या टाळूवर नाक टेकलं. डाळीचं पीठ, हळद, साय. उन्हाचा वास, वाळत्या तिळाचा. रॉकेल नव्हतं. मी पुन्हा हुंगलं. आत, अगदी केसांच्या मुळाशी, वहिनींच्या खांद्याचा वास होताच, थोडासा.

मी पदराचं टोक घेतलं आणि ते डोकं परत एकदा पुसून काढलं.